हेड उघडलं तरी पाणी गळतंय, आणि गॅरेजवाला गाडी सोडत नाही. आता काय करायचं?

सांगलीच्या एका वाचकांनी विचारलंय, आधी त्यांची अडचण थोडक्यात सांगतो. घरच्या वापराची नऊ वर्षं जुनी डिझेल गाडी, कूलंट सारखं कमी व्हायचं पण खाली थेंब दिसायचा नाही. गॅरेजवाल्यानं सांगितलं हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनचा ब्लॉक आणि त्यावरचं हेड यांच्यामधलं पॅकिंग, गेलंय. हेड उतरवलं, फेसिंग केलं म्हणजे हेडची बसायची बाजू मशीनवर सपाट केली, गॅस्केट किट आणि वॉटर पंप नवीन टाकला, बिल 46,500 झालं त्यातले 30,000 यांनी भरले. गाडी घरी आली आणि थोड्याच दिवसात पाणी परत कमी व्हायला लागलं, आता इंजिन आणि गिअरबॉक्सच्या जॉइंटमधून ओघळ यायला लागला. परत नेली तर तोच माणूस म्हणतो मागचा डमी (इंजिन ब्लॉकचं भोक बंद करणारी पत्र्याची वाटी) गळतोय, गिअरबॉक्स खाली घ्यावा लागेल, अजून 9,000 द्या. हे नाही म्हणाले. आता तो म्हणतो राहिलेले 16,500 आणि रोजचे 200 रुपये पार्किंग दिल्याशिवाय गाडी मिळणार नाही. यांचा प्रश्न असा, की दुसऱ्या चावीनं गाडी काढून आणू का, पोलिसात जाऊ का, आणि गेलेले पैसे मिळतील का?

साहेब, पहिली गोष्ट, दुसऱ्या चावीनं गाडी आणायचा विचार डोक्यातून काढून टाका. गाडी तुमची, आरसी तुमच्या नावावर, सगळं मान्य. पण कॉन्ट्रॅक्ट अ‍ॅक्टच्या कलम 170 प्रमाणे ज्यानं वस्तूवर मेहनत आणि कसब लावून काम केलंय त्याला त्या कामाची मजुरी मिळेपर्यंत ती वस्तू अडवून ठेवता येते. भारतीय न्याय संहितेत चोरीचं कलम 303 आहे, त्यात दुरुस्तीला दिलेल्या घड्याळाचं उदाहरणच दिलंय, दुरुस्तीचे पैसे बाकी असताना, घड्याळ त्यानं कायदेशीरपणे तारण म्हणून ठेवलेलं असताना मालकानं ते त्याचं तारण बुडवायच्या इराद्यानं काढून नेलं तर ती चोरी. म्हणजे आज तुम्ही तक्रारदार आहात, एका रात्रीत आरोपी व्हाल. पोलिसातही फार काही होणार नाही, बिलाचा वाद आहे म्हणून दिवाणी मामला सांगून परत पाठवतील, आणि या टप्प्यावर त्यांचं ते चुकीचंही नाही.

पण त्याचा हा हक्क फक्त केलेल्या कामाच्या पैशापुरता आहे. स्वतःच गाडी अडवून ठेवायची आणि वर अडवल्याचं भाडं मागायचं याला कलम 170 मध्ये आधार नाही. जॉब कार्डवर किंवा इस्टिमेटवर पार्किंग चार्ज छापलेला असेल आणि त्याखाली तुमची सही असेल तर वाद होऊ शकतो, म्हणून तो कागद आधी नीट वाचा, मागची बाजूसुद्धा. गाडी विकून पैसे वसूल करतो अशी धमकी दिली तर त्यालाही घाबरू नका, हे कलम गाडी ठेवायचा हक्क देतं, विकायचा देत नाही.

आता मुख्य मुद्दा. तुमची केस काय आहे हे तुम्हालाच आधी स्पष्ट पाहिजे, नाहीतर ग्राहक आयोगासमोर गडबड होईल. डमी गळाला ही गॅरेजवाल्याची चूक नाही. इंजिन ब्लॉक ओततात तेव्हा आतल्या वाळूचे कोर काढायला जी भोकं राहतात ती बंद करायला या पत्र्याच्या वाट्या ठोकलेल्या असतात, फ्रीझ प्लग म्हणा, कोर प्लग म्हणा, मेकॅनिक डमी म्हणतात. कूलंटमध्ये गंज रोखणारं केमिकल असतं, ते नसलं की स्टीलचा डमी आतून खात जातो आणि एक दिवस सुईएवढं भोक पडतं. तुम्हीच लिहिलंय की बरीच वर्षं बोअरचं पाणी टाकत होतो, समोरचा वकील पहिला प्रश्न हाच विचारणार, आणि खरं तेच सांगा. कारण तुमची तक्रार डमी का गंजला ही नाहीच, तुमची तक्रार ही आहे की पाणी कुठून जातंय हे न शोधता याने हेड उघडलं.

आणि हे शोधणं अवघड नव्हतं. इंजिन थंड असताना रेडिएटरच्या किंवा टाकीच्या झाकणाच्या जागी हातपंपाचा प्रेशर टेस्टर लावायचा, झाकणावर जेवढा दाब लिहिलाय तेवढा भरायचा, साधारण एक बारच्या आसपास असतो, आणि काटा खाली येतोय का आणि कुठून ओलं होतंय ते बघायचं. मागचा डमी फ्लायव्हीलच्या बाजूला लपलेला असतो, तो थेट दिसत नाही, पण पाणी बेल हाऊसिंगच्या, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधल्या आवरणाच्या, तळातून टपकतं. गरम इंजिनवर गळती थोडी असली तर तिथंच वाळून जाते म्हणून घरी फरशीवर थेंब पडत नाही, फक्त पांढरट किंवा गंजाचे ओघळ राहतात. उलट हेड गॅस्केट गेलं की बऱ्याचदा सायलेन्सरमधून पांढरा धूर, ऑईल दुधाळ, टाकीत बुडबुडे अशी काहीतरी खूण असते. तुमच्याकडं यातलं एकही नव्हतं असं तुम्ही लिहिलंय, तर मग त्यानं कोणत्या टेस्टवरून हेड उघडायला सांगितलं हा प्रश्न लेखी विचारा. सगळी केस या एका प्रश्नावर उभी आहे. मेकॅनिकचा अंदाज चुकला म्हणजे लगेच सेवेत त्रुटी होत नाही, पण साधी तपासणी न करता हजारोंचं काम गळ्यात मारलं तर ग्राहक संरक्षण कायदा 2019 च्या कलम 2(11) मध्ये ती त्रुटी बसवता येते.

आता क्रम सांगतो, तसाच करा.

आधी गॅरेजवाल्याला व्हॉट्सअ‍ॅप आणि स्पीड पोस्ट दोन्हीनं कळवा की 16,500 रुपये मी आक्षेप नोंदवून, माझे हक्क राखून, फक्त गाडी सोडवण्यासाठी भरतोय, पार्किंग मान्य नाही, आणि मला आयटमवार पक्कं बिल द्या. पैसे यूपीआय किंवा चेकनंच द्या, रोख नको. बिल देत नाही म्हणाला तर तेही लिहून ठेवा, पावती न देणं हीसुद्धा ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा आहे. पैसे घेऊनही पार्किंगसाठी गाडी अडवली तर ग्राहक आयोगातल्या तक्रारीसोबतच त्याच कायद्याच्या कलम 38(8) खाली अंतरिम, म्हणजे निकालाआधीच्या तात्पुरत्या, आदेशाचा अर्ज द्या. पैसे भरायला मन होत नाही हे समजतं, ज्या कामानं उपयोग झाला नाही त्याचेच पैसे अजून द्यायचे म्हणजे जीवावर येतं, पण तुमची गाडी त्याच्या ताब्यात असेपर्यंत तुमचा पुरावाही त्याच्या ताब्यात आहे. उद्या त्यानं रात्रीत डमी बदलला किंवा बाहेरून एम-सील फासलं तर तुम्ही काय दाखवणार?

गाडी चालवत आणू नका, टोचन करून दुसऱ्या गॅरेजला न्या. पाणी कमी असताना इंजिन तापलं तर नवीन नुकसान कोणामुळं झालं याचा वेगळाच वाद सुरू होईल. रेडिएटरमध्ये लीक पावडर किंवा हळद टाकू देऊ नका, गळती बुजली तरी पुरावा बिघडतो आणि बारीक पॅसेज चोंदतात ते वेगळंच.

दुसऱ्या गॅरेजला गिअरबॉक्स उतरवायची तारीख आणि वेळ ठरली की पहिल्याला लेखी बोलवा, या आणि समोर बघा. तो येवो न येवो, बोलावणं गेलं पाहिजे. इन्शुरन्सची कामं करणारा परवानाधारक सर्व्हेअर किंवा पॉलिटेक्निकमधले ऑटोमोबाईलचे सर मिळाले तर त्यांना हजर ठेवा, त्यांचा रिपोर्ट आणि अ‍ॅफिडेव्हिट मेकॅनिकच्या तोंडी बोलण्यापेक्षा खूप वजनदार ठरतं. गिअरबॉक्स निघाल्यावर प्रेशर भरून डमीतून पाणी येतंय याचा न थांबवता व्हिडिओ काढा. मग डमी काढताना मेकॅनिकला सांगा की आत ठोकू नकोस, एका कडेवर पंच मारून तिरका कर आणि पकडीनं बाहेर ओढ, आत पडला तर वॉटर जॅकेटमध्ये अडकून बसतो आणि तुमचा पुरावाही गेला. निघालेला डमी पिशवीत सील करा, वर तारीख आणि हजर लोकांच्या सह्या. बसायची जागा पॉलिश पेपरनं साफ करून त्याच मापाचा नवीन बसवा, पितळी मिळाला तर उत्तम, आणि यावेळी कूलंटच भरा, निम्मं कूलंट निम्मं डिस्टिल्ड पाणी.

फोन बदलू नका, चॅट डिलीट करू नका. व्हॉइस मेसेज आणि व्हिडिओ दाखल करताना साक्ष्य अधिनियम 2023 च्या कलम 63 चं प्रमाणपत्र जोडावं लागतं.

मागणी किती करायची? इथं लोक चुकतात. डमी बदलायला आणि गिअरबॉक्स उतरवायला येणारा खर्च मागू नका, तो तुम्हाला पहिल्या दिवशीही आलाच असता. वॉटर पंपही नवीन बसलाय, तो वापरात आहे, जुना खरंच खराब होता का हे माहीत नसेल तर तो सोडून द्या. हेडच्या कामाचे पैसे, त्यावर व्याज, टोचन, सर्व्हेअरची फी आणि त्रासाची माफक रक्कम मागा. 46,500 च्या बिलावर मानसिक त्रासाचे 5 लाख लिहिले की तक्रारीतला खरेपणा कमी होतो.

तक्रार सांगली जिल्हा ग्राहक आयोगातच होईल, तुम्ही राहता तिथं दाखल करता येते. दिलेला मोबदला 5 लाखांपर्यंत असेल तर फी शून्य, ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या दाखल होते, वकील लागतोच असं नाही. मुदत वाद सुरू झाल्यापासून दोन वर्षं. त्याआधी 15 दिवसांची नोटीस द्या आणि 1915 वर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला नोंद करा, बरेच गॅरेजवाले तिथूनच फोन आला की बोलायला तयार होतात. हेडचे अर्धे पैसे परत देऊन तो मिटवत असेल तर ते घ्या असं माझं मत आहे, कारण त्याच्याकडंही एक बाजू आहे, गॅस्केट खरंच थोडं गेलेलं असू शकतं.

म्हणूनच एक काम आजच करा, जुनं हेड गॅस्केट आणि फेसिंगवाल्याची पावती लेखी मागा. गॅस्केट कुठं फुटलंय का, हेड किती वाकलं होतं, हे त्यावरून कळेल. भंगारवाला येऊन गॅस्केट घेऊन गेला की ते कोणालाच सिद्ध करता येणार नाही.