60 लाखांच्या पुंजीतून महिन्याला किती काढावेत?

दादरला स्वतःचं घर, वय 60, जमा 60 लाख आणि 4 टक्के काढण्याचा नियम, असा तुमचा प्रश्न आहे. त्या नियमाने पहिल्या वर्षी 2 लाख 40 हजार, म्हणजे महिना 20 हजार निघतात आणि पुढे दरवर्षी महागाईइतकी वाढ. पण विल्यम बेंगेन या अमेरिकी आर्थिक सल्लागारांनी तो 1994 साली अमेरिकेतल्या शेअर-रोख्यांच्या आकड्यांवरून मांडला. आपल्याकडे महागाई जास्त, म्हणून साडेतीन टक्के धरा: महिना 17,500.

खरी चूक व्याजाच्या हिशेबात होते. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत 30 लाखांची मर्यादा आहे. 8.2 टक्क्यांनी दर तिमाहीला 61,500 मिळतात आणि लोक ते सगळे खर्च करून टाकतात. ती रक्कम पाच वर्षं तेवढीच राहते. महागाई 6 टक्के असेल तर 12 वर्षांत तिची किंमत निम्मी होते. म्हणून तिमाहीला 52,500 (महिना 17,500) खर्चाला घ्या, उरलेले 9 हजार (कर जाऊन जे राहतील ते) इंडेक्स फंडात, म्हणजे निर्देशांकातले शेअर त्याच प्रमाणात घेणाऱ्या म्युच्युअल फंडात टाका.

बाकीच्या 30 लाखांपैकी निम्मे वेगवेगळ्या मुदतींच्या ठेवींत, निम्मे इंडेक्स फंडात. सुरुवातीच्या वर्षांत बाजार पडला तर फंड अजिबात विकू नका, जादा खर्च ठेवींतून भागवा. पडत्या भावात विकलेले युनिट परत येत नाहीत, आणि पुंजी लवकर संपण्याचं हे एक मोठं कारण आहे.

महागाईचा सरकारी आकडा देशाची सरासरी सांगतो. सोसायटीचा मेंटेनन्स आणि मेडिक्लेमचा हप्ता दरवर्षी स्वतः मांडून बघा.