२ जीबीच्या लॅपटॉपवर कोणतं लिनक्स? आधी प्रोसेसर तर बघा

भाऊ, तुमचं सगळं वाचलं. २०१० च्या आसपासचा लॅपटॉप, २ जीबी रॅम, विंडोज ७ सुरू होईपर्यंत चहा पिऊन होते, आणि बाबांना त्यावर पेपर वाचायचाय, मराठीत चार ओळी टाइप करायच्यात, कीर्तनं ऐकायचीत. म्हणून विंडोजच्या जागी कोणतं लिनक्स टाकू, असं तुम्ही विचारलंत. इथं जो तो मिंट (लिनक्सचाच एक प्रकार) टाका, मिंट टाका म्हणून राहिला. मिंट चांगलंच आहे, माझ्या रोजच्या मशीनवर तेच आहे, पण मिंटवालेच सांगतात की २ जीबी म्हणजे कमीत कमी, आरामात चालवायचं तर ४. बाबांचा लॅपटॉप त्या काठावर बसलाय, म्हणून मी नाही टाकणार.

पण त्याआधी प्रोसेसर ३२ बिट आहे की ६४, म्हणजे एका दमात किती मोठा डेटा हाताळतो, ते बघा. विंडोज ७ मध्ये "३२-बिट" लिहून असलं तरी त्यावर जाऊ नका, ती विंडोजची गोष्ट आहे, प्रोसेसरची नाही. माझ्या मेव्हण्याची छोटी नेटबुक होती, अ‍ॅटम एन२७० वाली, ती खरीच ३२ बिट. पण त्यानंतरचा एन४५० तसाच दिसतो आणि ६४ बिट चालवतो. कोअर २ ड्युओ असेल तर बिनधास्त ६४. हे काहून महत्त्वाचं, तर ३२ बिटचं दुकान बंद होत आलंय. क्रोमने लिनक्सवरचं ३२ बिट २०१६ मध्येच सोडलं, फायरफॉक्सचं १४४ हे शेवटचं आणि डेबियन १३ (हेही एक लिनक्सच) ला ३२ बिटचा इन्स्टॉलरच नाही. आज टाकाल नं पुढं ब्राउझर अपडेट होणार नाही, मग बाबा तुम्हालाच फोन करतील.

६४ निघालं तर माझं मत अँटिएक्स, हलकं लिनक्स आहे. दिसायला साधं आहे, आइसडब्ल्यूएम नावाचा जुन्या वळणाचा विंडो मॅनेजर (स्क्रीनवरच्या खिडक्या सांभाळणारा प्रोग्रॅम) आहे, बायकोने बघून विचारलं होतं, हे काय विंडोज ९८ टाकलं का. पेनड्राइव्हवरून लाइव्ह चालवा, म्हणजे थेट पेनड्राइव्हवरूनच, काही इन्स्टॉल करू नका. स्क्रीनवर एका बाजूला कॉन्की नावाची मशीनची माहिती दाखवणारी पट्टी दिसते, त्यात रॅमचा आकडा हलत राहते. माझ्याकडे नुसता डेस्कटॉप असताना तो २०० एमबीच्या आसपास होता. आता फायरफॉक्स उघडा, एक पेपर उघडा, दुसरा उघडा, आणि त्या आकड्याकडे बघत राहा. झरझर चढते. तिथंच कळते की खाणारा लिनक्स नाही, ब्राउझर आहे, आणि जाहिरातींनी भरलेली पेपरांची पानं तर बाप्पा! म्हणून जाहिराती अडवणारं युब्लॉक ओरिजिन ब्राउझरमध्ये पहिल्याच दिवशी टाका, आणि बाबांना सांगा एका वेळी दोनच टॅब.

लुबुंटू नावाचं लिनक्स पण बघू शकता, त्यात एलएक्सक्यूटी नावाचा डेस्कटॉप आहे, अँटिएक्सपेक्षा नीटनेटकं, पण रॅम जास्त धरते. पपी लिनक्स मस्त आहे, पण वडीलधाऱ्या माणसाच्या हाती मी देणार नाही, त्यात फाइल सेव्ह कुठं झाली हे मलाच कधी कधी समजत नाही.

कीर्तनासाठी युट्यूब ब्राउझरमध्ये अडखळत असेल तर एमपीव्ही (व्हिडिओ प्लेअर) नं वायटी-डीएलपी (युट्यूबचा व्हिडिओ त्याला आणून देणारं) टाका, ३६० पी ला जुना प्रोसेसरही सहज ओढते. मराठीचं म्हणाल तर बाबांना इनस्क्रिप्ट (देवनागरीचा सरकारी कीबोर्ड) येत असेल तर कीबोर्ड लेआउटमध्ये मराठी निवडा, वेगळं सॉफ्टवेअर लागतच नाही. रोमनमध्ये टाइप करून मराठी पाहिजे असेल तर आयबस (टायपिंगची भाषा बदलणारा प्रोग्रॅम) आणि त्याचं एम१७एन पॅकेज. आणि झेडरॅम चालू करा, म्हणजे रॅममधलाच काही भाग दाबून ठेवून जागा काढते. २ जीबीत त्याचा फरक जाणवते.

जमलं तर रॅम वाढवा. इथं नागपूरला बर्डीवर जुन्या पार्टवाल्यांकडे डीडीआर३ प्रकारच्या रॅमची स्टिक मिळून जाते, डीडीआर२ असेल तर जरा फिरावं लागेल. मागचं झाकण उघडून स्टिकच घेऊन जा, नुसतं मॉडेल सांगून दुकानातून चुकीची आणणारा मी एकटा नसेन. हार्डडिस्कच्या जागी साधी साटा एसएसडी बसवली तर चहा पिऊन होण्याआधीच मशीन सुरू. उघडलंच आहे तर फॅनमधली धूळ काढा, मे महिन्यात इथं ४५ च्या वर जाते तेव्हा सॉफ्टवेअरला शिव्या देण्यात अर्थ नाही. आणि कूलरच्या झोतासमोर ठेवू नका, ओली हवा आत जाते.

एक विसरू नका. इन्स्टॉल करताना "संपूर्ण डिस्क पुसा" येते तिथं थांबा. मी त्या नेटबुकवर घाईत हो दाबलं नं मेव्हण्याच्या लग्नाचे फोटो गेले, दुसरीकडे कुठं नव्हतेच. आजही दिवाळीला जेवायला बसलो की विषय निघते.

वायफाय दिसलं नाही तर घाबरू नका, ब्रॉडकॉमची कार्डं अशी नखरे करतात. मोबाईल यूएसबीने जोडून टेदरिंग (मोबाईलचं नेट लॅपटॉपला देणं) चालू करा, त्यावरून नेट घेऊन त्या कार्डाचं फर्मवेअर टाका. टर्मिनलमध्ये एलएससीपीयू (lscpu, प्रोसेसरची माहिती दाखवणारी कमांड) मारून जे येते ते मला पाठवा, ३२ की ६४ ते सांगतो.