नाताळच्या प्रेमकथेत राक्षसाचा शेवटी माणूस करावा का?

तुम्ही विचारलंय की नाताळच्या सुट्टीत बर्फात एकटा अडकलेला तरुण आणि त्याच्या दारात आलेला राक्षस यांची गोड प्रेमकथा लिहायची आहे, तर राक्षस किती भीतिदायक ठेवावा आणि शेवटी त्याचा माणूस करावा का?

माणूस करू नका. मी एकदा ते करून बसलोय.

माझ्या कथेतला राक्षस क्राम्पस होता. ऑस्ट्रिया, बव्हेरियाकडे ५ डिसेंबरच्या रात्री संत निकोलसबरोबर फिरतो तो, शिंगं, साखळ्या आणि फोकांची जुडी घेऊन. बाकीचे परत गेले, हा एका घरी मागे राहिला, कारण आतल्या तरुणाने त्याला बघून दार लावलं नाही, 'पाय पुसून ये' म्हणाला. पुढची कितीतरी पानं नुसती दोघांच्या सवयींची. शिंगांनी उशा फाटायच्या, म्हणून तो तरुण रोज निजायच्या आधी जुना मफलर थोडा उसवून ती लोकर शिंगांच्या टोकांना गुंडाळायचा. राक्षस मान खाली घालून बसायचा. गाठ मारून झाली तरी थोडा वेळ दोघंही हलायचे नाहीत.

एका अंकाच्या संपादकांनी कथा घेतली, पण नाताळच्या सकाळी शिंगं गळून पडू देत, असं म्हणाले. दाखला 'ब्यूटी अँड द बीस्ट'चा. ती गोष्ट १७४० साली छापली गेली तेव्हापासून लोकांना हाच शेवट लागतो, असं त्यांचं म्हणणं. माझं नाव पहिल्यांदाच छापून येणार होतं. मी शेवट बदलला. राक्षस माणूस झाला आणि उशीवर नुसती लोकर राहिली.

अंक आला त्या रात्री दादाचा फोन आला. मी गे आहे हे त्याला सांगून तेव्हा सहा वर्षं झाली होती आणि त्या विषयावर तो एक अक्षर बोलला नव्हता. म्हणाला, "वाचली. शेवट आवडला. बघ, जीव लावणारं कुणी भेटलं की सुधारतो माणूस." मी 'हं' म्हटलं आणि फोन ठेवला.

त्याने वाचलं ते बरोबरच होतं. मीच तसं लिहिलं होतं.

म्हणून सांगतो, ज्याच्यावर प्रेम बसलं तो शिंगांसकट होता. शिंगं काढलीत तर त्या तरुणाच्या हाती दुसराच कुणीतरी येतो. आपल्याकडे हिडिंबेने भीमासमोर येताना रूप बदललं ते स्वतःच्या मर्जीने. लग्नाच्या अटी ठरल्या तेव्हा भीमाला दिवसा ने, रात्री परत आण, एवढंच सांगितलं गेलं. राक्षसीपण सोड असं कुणी म्हणालं नाही. आणि गोड शेवटाला कुणी हलकं म्हटलं तर ऐकून घेऊ नका. इंग्रज लेखक ई. एम. फॉर्स्टरने 'मॉरिस' ही कादंबरी १९१३-१४ मध्ये लिहिली आणि शेवटी दोघा पुरुषांना एकत्र ठेवलं. शेवट दुःखाचा असता तर छापणं सोपं गेलं असतं, असं त्यानेच लिहून ठेवलंय. तरी त्याने तो दुःखाचा केला नाही. कादंबरी आली १९७१ साली, तो गेल्यावर.

भीतीचं म्हणाल तर पहिल्या भेटीपुरती भरपूर ठेवा. पण राक्षसाने त्या तरुणाला इजा करायची आणि मग माफी मागायची, हे गोड गोष्टीत अजिबात नको.

एक मात्र आहे. तुमच्या राक्षसाला प्रेमात पडायच्या आधीपासूनच, स्वतःसाठी माणूस व्हायचं असेल, तर माझं वरचं सगळं त्याला लागू नाही.

दादा अजूनही म्हणतो, मी एक वाक्य फारच मनाला लावून घेतलं. तो चांगल्या मनाने बोलला होता हे मला मान्य आहे. पण सहा वर्षं गप्प राहून माणूस पहिलं वाक्य हे बोलतो, तेव्हा ते मनाला लागतंच. गेल्या नाताळात मी कथा पुन्हा लिहिली आणि सगळ्यात आधी त्यालाच पाठवली. वाचल्याची निळी खूण आलीय, उत्तर आलेलं नाही.

आता शेवटच्या पानावर मफलर संपतो, आणि तो तरुण अंगातला स्वेटर उसवायला घेतो.