वसईच्या कॅथलिक कुटुंबावर कादंबरी लिहितेय. काय वाचू, आणि हिंदी सिनेमे बघून वातावरण पकडता येईल का?

तुम्ही लिहिलंय की काळ 1984 च्या आसपासचा आहे, घर वसईचं आहे, घरात एक लग्न आहे आणि तुम्ही स्वतः कॅथलिक नाही. मी कॅथलिक आहे, मराठीत कथा लिहितो आणि सध्याचं लेखनही याच पट्ट्यातलं आहे. त्यामुळे लिहिताना जे पुन्हापुन्हा तपासावं लागतं तेच सांगतो.

कच्च्या आराखड्यातून ‘ख्रिस्ती कुटुंब’ हे शब्द आधी खोडा. त्या शब्दांतून काहीच ठरत नाही. अहमदनगरकडचं प्रोटेस्टंट घर वेगळं. तिथे पाळक असतात, त्यांना बायकामुलं असतात, रविवारी उपासना होते आणि बायबलमध्ये 66 पुस्तकं असतात. कॅथलिकांकडे फादर अविवाहित, रविवारी मिस्सा म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, बायबलमध्ये 73 पुस्तकं, घरात मरियामातेची तसबीर आणि हातात जपमाळ. कॅथलिकांतही गोव्याच्या घरात कोकणी बोलतात आणि ती बहुधा रोमी लिपीत लिहितात. मुंबईच्या ईस्ट इंडियन लोकांची स्वतःची मराठी बोली आहे. ‘ईस्ट इंडियन’ हे नाव त्यांनी 1887 मध्ये, राणी व्हिक्टोरियाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात घेतलं. वसईत तर गावागणिक बोली बदलते. कुपारी समाजाची सामवेदी म्हणजे कादोडी, शिवाय वाडवळी, शिवाय पाचूबंदरची कोळी बोली. तुमचं घर निर्मळ, गास, नंदाखाल या बाजूचं असेल तर आजीचं लाल लुगडं, केळीची आणि पानवेलीची वाडी आणि कादोडी बोली येणारच. पाचूबंदरचं असेल तर सगळा संसार बोटीभोवती फिरेल. आडनावं वसईकर लिहितात तशीच लिहा: लोपीस, डाबरे, तुस्कानो, घोन्साल्विस. डिसोझा हे एकच आडनाव सगळ्यांना चिकटवू नका.

गाव ठरलं की साल पक्कं करा, कारण सगळ्यात जास्त चुका सालाच्या होतात. वसई धर्मप्रांत 1998 मध्ये झाला. 1984 मध्ये वसई मुंबईच्या आर्चबिशपांकडे होती, म्हणजे ‘वसईचे बिशप लग्नाला आले’ हे वाक्य बाद. पालघर जिल्हा 2014 चा, तेव्हा पत्त्यात ठाणे जिल्हा हवा. वेदीवर सेवा करणाऱ्या मुलांत मुलगी दाखवू नका, मुलींना ती परवानगी 1994 मध्ये मिळाली. जपमाळेत प्रकाशाची रहस्यं (रहस्यं म्हणजे जपमाळ म्हणताना मनन करायचे प्रसंग) नकोत, ती 2002 मध्ये आली. तोवर आनंदाची, दुःखाची आणि वैभवाची एवढीच होती. आजीच्या तरुणपणाचा प्रसंग 1965 च्या आधीचा असेल तर मिस्सा जवळजवळ संपूर्ण लॅटिनमध्ये, फादर वेदीकडे तोंड करून, लोकांकडे पाठ. ख्रिस्तप्रसाद म्हणजे मिस्सेत मिळणारी पवित्र भाकर, तिच्याआधीचा उपासही बदलत गेला. पूर्वी मध्यरात्रीपासून पाणीसुद्धा नाही, 1957 पासून तीन तास, 1964 पासून एक तास. आजी आणि नात यांच्यात चहाच्या कपावरून खटका उडवायचा असेल तर याहून चांगलं कारण सापडणार नाही.

लग्नाची तारीख ठरवताना ईस्टर बघाच. ईस्टर 22 मार्च ते 25 एप्रिल यांच्यामध्ये सरकत असतो, आणि त्याच्या 46 दिवस आधी राखेचा बुधवार, म्हणजे उपवासकाळाचा पहिला दिवस येतो. 1984 मध्ये ईस्टर 22 एप्रिलला होता, म्हणजे राखेचा बुधवार 7 मार्चला. तुमचं लग्न मार्चच्या शेवटी असेल तर ते उपवासकाळात पडतं, आणि त्या काळात सहसा लग्नं लागत नाहीत. फेब्रुवारीत घ्या, नाहीतर एप्रिलच्या अखेरीला किंवा मे महिन्यात. उपवासकाळाच्या शुक्रवारी त्या घरात मटण शिजवू नका. मासळी चालते, आणि वसईत ती असतेच. फादरांचा झगा त्या दिवसांत जांभळा, ईस्टर आणि नाताळात पांढरा, एरवी वर्षातले बरेच दिवस हिरवा, आणि हुतात्म्यांच्या सणाला लाल. संत गोन्सालो गार्सिया वसईचेच, 1597 मध्ये नागासाकीला क्रूसावर मारले गेले. त्यांच्या सणाच्या मिस्सेत पांढरा झगा लिहिलात तर वसईचा वाचक तिथेच थांबेल.

आता सिनेमा. हिंदी सिनेमा बघा, मलाही आवडतो, पण त्यावरून विधी लिहू नका. लग्नात ‘कोणाचा आक्षेप असेल तर आत्ताच सांगा’ हे वाक्य आमच्या विधीत नाही. आक्षेपाची वेळ आधीच येऊन जाते. लग्नाची घोषणा त्याआधीच्या रविवारी चर्चमध्ये वाचली जाते, पद्धतीने तीनदा. म्हणजे नायिकेचा जुना प्रियकर लग्नात ओरडत येण्यापेक्षा पहिल्या घोषणेच्या रविवारी मागच्या बाकावर गप्प बसलेला असणं जास्त खरं, आणि मला वाटतं जास्त परिणामकारकही. दुसरं म्हणजे लग्न फादर ‘लावत’ नाहीत. वधूवर एकमेकांना वचन देतात आणि तोच संस्कार. फादर तो चर्चच्या वतीने स्वीकारतात, सोबत दोन साक्षीदार लागतात.

पापकबुलीचं सिनेमाने फार नुकसान केलंय. पुस्तकात त्याला प्रायश्चित्त संस्कार म्हणतात, बोलताना लोक सरळ कन्फेशन म्हणतात. कबुलीत ऐकलेलं फादर कोणालाही सांगू शकत नाहीत, पोलिसांना नाही, न्यायालयालाही नाही. थेट सांगितलं तर त्यांना आपोआप बहिष्कृतीची शिक्षा लागते, आणि ती उठवण्याचा अधिकार रोमकडे असतो. इतकंच नाही, जे ऐकलं त्याचा वापर करून ते स्वतःचं वागणंही कबुली देणाऱ्याला जाचक होईल असं बदलू शकत नाहीत. तुमच्या गोष्टीत फादरांना गुपित कळायला हवं असेल तर ते अंगणात, चहा घेताना कळू द्या. कन्फेशनमध्ये कळलं तर त्यांचं पात्र कथानकातून हातपाय बांधून बसलं असं समजा. आणि वसईचे फादर ‘माय सन’ म्हणत नाहीत. ते बहुतेक याच मातीतले, मराठी बोलणारे, घरच्यांना नावाने ओळखणारे असतात. लोक त्यांना ‘फादर, तुम्ही’ म्हणतात.

वाचनाचं थोडक्यात. फादर स्टीफन्स यांच्या ख्रिस्तपुराणापासून सुरुवात करा असं सगळे सांगतात. 1616 चं, साधारण अकरा हजार ओव्यांचं ते मोठं काव्य आहे आणि मराठी कॅथलिक माणसाचा अभिमान त्यात आहे, पण 1984 च्या घरातला संवाद त्यातून मिळणार नाही. एखादा अध्याय मोठ्याने वाचा, लय कळेल, तेवढं पुरे. लक्ष्मीबाई टिळकांची स्मृतिचित्रे जरूर वाचा, पण ते प्रोटेस्टंट जग आहे हे लक्षात ठेवून. वसईसाठी तिथलेच फादर आणि लेखक फ्रान्सिस दिब्रिटो यांचं आत्मकथन ‘नाही मी एकला’ आणि बायबलच्या अवतरणांसाठी त्यांचंच ‘सुबोध बायबल’. मात्र 1984 मधल्या पात्राच्या तोंडी ‘सुबोध’मधलं वाक्य घालू नका, ते भाषांतर नंतरचं आहे. खरा खजिना म्हणजे ‘सुवार्ता’ या मराठी ख्रिस्ती मासिकाचे जुने अंक. लेखांपेक्षा त्यातल्या बातम्या आणि जाहिराती वाचा. सणांना काय झालं, लोक कशावरून भांडले, कोण परदेशी गेलं, हे तिथे दिसतं.

आणि प्रत्यक्ष मिस्सेला जा. दोनदा जा, एकदा रविवारी आणि एकदा मधल्या वारी, कारण मधल्या वारी दोनऐवजी एकच वाचन असतं आणि विश्वासांगीकार, म्हणजे सगळ्यांनी मिळून म्हणायची श्रद्धेची कबुली, सहसा नसतो. शुभवर्तमान वाचताना सगळे उभे राहतात, तुम्हीही उभ्या राहा. ख्रिस्तप्रसादाच्या रांगेत मात्र जाऊ नका, तो कॅथलिकांसाठी असतो. जागेवर बसून राहिलात तर कोणी काही विचारत नाही. तुमच्या गोष्टीतली हिंदू मैत्रीण लग्नाच्या मिस्सेला येणार असेल, तर तिलाही तिथेच बसवा. आजूबाजूचे उठून पुढे जातात, बाक रिकामा होतो, गाणं चालू असतं, आणि त्या चारपाच मिनिटांत तिच्याकडे कोणी बघत नसतं.