तळ्याकाठच्या सावलीत सायकल चालवताना

पहिल्यांदाच निघतो आहेस, तर किती किलोमीटर मारायचे हा विचार नंतर. तळ्यांभोवतीचे रस्ते नकाशावर सपाट दिसतात, प्रत्यक्षात एकामागून एक लहान चढउतार येत राहतात आणि चाळिसाव्या किलोमीटरलाच पाय बोलू लागतात. चढ लागण्याआधीच गिअर हलका कर. पेडलवर पूर्ण जोर असताना बदललास तर चेन कुरकुरते, कधी उतरतेही.

माझ्या मते सगळ्यात जपायचं ते सावलीला. कडक उन्हातून झाडीत शिरलं की डोळे सरावायला काही क्षण लागतात. रस्त्यावर उन्हाचे कवडसे हलत असतात. त्यांत खड्डा, काटकी, ओली पानं, सगळं एकसारखंच दिसतं. वेग कोरड्या रस्त्यावरच कमी करून घे. पानांवर हँडल सरळ ठेव, ब्रेकला हात लावू नकोस. अशाच एका वळणावर मी पुढचा ब्रेक दाबला होता. कोपराचा व्रण अजून आहे.

टायर २८ किंवा ३२ मिलिमीटरचे असले तर उत्तम, पण हवा ठासून भरू नकोस. पहाटे पाण्यावरचं धुकं रस्त्यावर सरकतं, म्हणून मागचा लाल दिवा चालू असू दे. जनावरंही त्याच वेळी पाण्यावर येतात. एखादं रस्ता ओलांडून गेलं तरी थांब, मागून दुसरं येऊ शकतं.

जादा ट्यूब, पंप हवेतच. झाडीत रेंज जाते, नकाशा आधीच फोनमध्ये उतरवून ठेव. इयरफोन मात्र घरीच. वळणापलीकडची गाडी आधी ऐकू येते, मग दिसते.