नोड झोपले तरी वेळ जुळून राहावी म्हणून

वायरलेस सेन्सर नोडांची घड्याळं एकमेकांशी जुळवण्याचा, म्हणजे सिंकचा, कोड लिहायला बसण्याआधी घड्याळाला ठोके देणाऱ्या क्रिस्टलची डेटाशीट वाच. ३२.७६८ किलोहर्ट्झच्या साध्या क्रिस्टलला ±२० पीपीएम (दहा लाखांत वीस भागांची चूक) लिहिलेलं असतं. म्हणजे दिवसाला सुमारे १.७ सेकंद. एक नोड पुढे आणि दुसरा मागे पळाला तर दोघांतलं अंतर दुप्पट. त्यात हे क्रिस्टल २५ अंशांवरून गार होवो वा गरम, मंदच होतं. ४५ अंशांना आणखी १३-१४ पीपीएम. छपरावरचा नोड आणि घरातला नोड दुपारी जास्त का फाटतात, ते इथे कळतं.

टाइमस्टॅम्प, म्हणजे पॅकेटच्या वेळेची नोंद, ॲप्लिकेशनमध्ये घेऊ नकोस. चॅनल मोकळा व्हायला किती वेळ लागेल याचा नेम नसतो, आणि ती सगळी वाट तुझ्या वेळेत मिसळते. पॅकेटच्या सुरुवातीची खूण, म्हणजे एसएफडी, रेडिओतून जाते त्या क्षणी हार्डवेअर टायमरने वेळ टिप, दोन्ही टोकांना. २००४ मधल्या एफटीएसपी या सिंक प्रोटोकॉलचाही भर मॅक स्तरावरच्या (रेडिओच्या लगतच्या, चॅनल कधी वापरायचा ते ठरवणाऱ्या स्तरावरच्या) टाइमस्टॅम्पवरच होता.

दोन घड्याळांतला नुसता फरक काढून थांबू नकोस, तो कोणत्या वेगाने वाढतो तेही मोज. शेवटच्या आठेक नोंदींतून सरळ रेषा काढली तरी पुरतं; मग सिंक विरळ करता येतो, बॅटरी वाचते. आणि घड्याळ मागे ओढू नकोस बाबा, लावलेले टायमर दोनदा वाजतात! मूळ काउंटर तसाच चालू दे, फरक वेगळा साठव.