नैरोबी–जोहान्सबर्ग: जाताना तीन तास, येताना पाच?

तिकिटावरच्या वेळांची वजाबाकी केली तर जाताना ३ तास १० मिनिटं आणि परत येताना ५ तास १० मिनिटं येतात, मग परतीचं विमान मध्ये कुठे थांबतं का, असं तुम्ही विचारलंय. थांबत नाही. तिकिटावरच्या वेळा ज्या त्या गावच्या असतात आणि केनियाचं घड्याळ दक्षिण आफ्रिकेच्या एक तास पुढे आहे. सकाळी ७ ला नैरोबीहून निघून १०.१० ला उतरलात, तर प्रवास झाला ४ तास १० मिनिटांचा. परतीलाही तेवढाच. दोन्ही देशांत घड्याळं मोसमानुसार पुढेमागे करत नाहीत, म्हणून हा एका तासाचा फरक बारा महिने धरून चाला.

अंतर सरळ हवाई रेषेत साधारण २,९१० किलोमीटर. जेट विमान वर गेल्यावर ताशी ८०० ते ८५० किलोमीटरने जातं, म्हणजे हिशेबाने साडेतीन तास. उरलेली ३०-४० मिनिटं धावपट्टीपर्यंत जाणं, वर चढणं, खाली येणं आणि उतरल्यावर गेटला लागणं यात जातात. नकाशावरचं अंतर वेगाने भागून काढलेली वेळ म्हणूनच नेहमी कमी भरते.

मी कामानिमित्त हा मार्ग बरीच वर्षं केला आहे. खरी काळजी परतीच्या दुपारची. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा जोहान्सबर्गचा उन्हाळा, आणि त्या दिवसांत तिथे दुपारनंतर विजांसकट वादळी पाऊस येतो. अशाच एका वादळात आमचं विमान जमिनीवरच अडकलं आणि नैरोबीहून मुंबईचं पुढचं विमान गेलं. दोन तिकिटं वेगळी काढलेली, त्यामुळे दुसरं नव्याने घ्यावं लागलं. तुमच्याबरोबर आईवडील आहेत, तेव्हा जोहान्सबर्ग–नैरोबी आणि नैरोबी–मुंबई हे दोन्ही टप्पे एकाच तिकिटावर घ्या. ते जमत नसेल तर सकाळचं विमान धरा आणि मध्ये निदान पाच-सहा तास ठेवा. वेगळ्या तिकिटावर बहुधा सामान उतरवून पुन्हा द्यावं लागतं.

नैरोबीत दोन दिवस राहणार आहात, म्हणून पिवळ्या तापाची लस आधीच उरका. केनियाहून येणाऱ्यांकडे दक्षिण आफ्रिका तो दाखला मागते आणि परतताना भारतातही तो बघतात. नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. दाखला लस घेतल्यापासून दहा दिवसांनी लागू होतो. साठीच्या पुढच्यांना ही लस सरसकट देत नाहीत, तेव्हा आईवडिलांना आधी डॉक्टरांना दाखवा आणि मगच तिकिटं काढा.

आणि जाताना त्यांना डाव्या बाजूची खिडकी घ्या. आकाश मोकळं असलं तर निघाल्यावर थोड्याच वेळात ५,८९५ मीटरचा किलिमांजारो ढगांच्या वर दिसतो.